मालाच्या पेटीतला मुक्काम

फिरत्या घरांचा इतिहास लिहावयास बसलेले पाश्चात्त्य लेखक बहुधा एका सुखवस्तू इंग्रज गृहस्थापासून आरंभ करतात. डॉ. गॉर्डन स्टेबल्स हे ब्रिटिश आरमारातून निवृत्त झालेले शल्यवैद्य आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे लेखक. त्यांनी ब्रिस्टल येथील वॅगनच्या कारखान्याकडून ‘वॉन्डरर’ नावाची एक घोडागाडी मुद्दाम बांधवून घेतली आणि १८८५ साली ते तीत बसून बर्कशरमधील ट्वायफर्ड गावाहून स्कॉटलंडातील इन्व्हर्नेसपर्यंत, सुमारे १,३०० मैल, हिंडत गेले. महोगनी लाकडाची गाडी, आत पुस्तकांचे कपाट, बरोबर कुत्रा आणि पोपट, घोडे हाकावयास सारथी, आणि अरुंद रस्त्याच्या पुढच्या वळणावर समोरून कोणी येत नाही ना हे पाहण्यासाठी तीनचाकी सायकलवरून पुढे जाणारा हुजऱ्या, असा तो सगळा लवाजमा होता. पुढे १९१० साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील प्रदर्शनात पिअर्स-ॲरो कंपनीने ‘टूरिंग लॅन्डो’ नावाची मोटार मांडली. तिची मागची बैठक उलगडली की बिछाना होई, हात धुण्याचे भांडे घडी करून ठेवता येई, आणि मागे बसलेल्या धन्याला चालकाशी बोलता यावे म्हणून आत टेलिफोनही होता. या दोन नोंदी झाल्या की इतिहासकार थेट आजच्या बंगलीवजा मोटारींपाशी येऊन पोहोचतो.

या वंशावळीत खोटे काही नाही. मात्र ती एकाच घराण्याची, धनिकाच्या हौसेची, वंशावळ आहे. आज अमेरिकेत पुष्कळ माणसे, ज्यात एरवी सुतार आपली हत्यारे आणि माळी आपली गवत कापण्याची यंत्रे नेतो तसला, चारी बाजूंनी बंद असा दोन चाकांचा मालवाहू ट्रेलर विकत घेतात, आणि त्यात फळ्यांचा एक बिछाना, छताला एक झरोका व मागल्या दाराशी एक शेगडी एवढी सिद्धता करून रानोमाळ मुक्कामास निघतात. या माणसांचे पूर्वज डॉ. स्टेबल्स नव्हेत. गुरांच्या कळपाबरोबर धुळीतून गाडी हाकणाऱ्या टेक्ससमधील आचाऱ्यात आणि वायोमिंगच्या बर्फात एकट्याने हिवाळा काढणाऱ्या मेंढपाळात त्यांचे मूळ शोधले पाहिजे. या दोघांच्या गाड्या हौसेने बांधलेल्या नव्हत्या. मालासाठी घडलेल्या पेटीत माणसाची सोय करून घेण्याची गरज त्यांच्या कामानेच उत्पन्न केली होती.

हा भेद मराठी वाचकास नवखा वाटू नये. इंग्रजी अमदानीत जिल्ह्याच्या कलेक्टराचा हिवाळी दौरा निघे तेव्हा तंबू, राहुट्या, कनाती, बिछायती आणि दप्तराच्या पेट्या लादलेल्या बैलगाड्या आदल्या रात्रीच पुढच्या मुक्कामी रवाना होत, आणि सकाळी साहेब घोड्यावरून येऊन पोहोचे तेव्हा त्याचे बिऱ्हाड मांडून तयार असे. मुक्काम त्याचा, श्रम दुसऱ्यांचे. डॉ. स्टेबल्स यांची भटकंती या जातीची होती. आणि ज्याच्या मुक्कामाचा भार त्याच्याच शिरावर असतो त्याची भटकंती अगदी निराळी असते.

आचाऱ्याच्या गाडीची हकीकत १८६६ सालची. अमेरिकेचे यादवी युद्ध नुकतेच संपले होते. टेक्ससच्या माळावर गुरे उदंड होती, परंतु त्यांना गिऱ्हाईक होते ते शेकडो मैल दूर. चार्ल्स गुडनाइट आणि ऑलिव्हर लव्हिंग या दोघांनी सुमारे २,००० गुरे हाकीत न्यू मेक्सिकोतील फोर्ट सम्नरच्या लष्करी ठाण्याकडे नेण्याचा घाट घातला, आणि वाटेवर आठवडेच्या आठवडे दहापंधरा गुराख्यांना खाऊ कसे घालावे हा प्रश्न पुढे उभा राहिला. गुडनाइट याने लष्करातून निकालात निघालेली एक मालगाडी घेतली, ती चिवट अशा बोडार्क लाकडात पुन्हा बांधविली, लाकडी आसांच्या जागी लोखंडी आस बसविले, आणि तिच्या पाठीमागे खणाखणांची एक उभी पेटी जोडली. या पेटीचे झाकण खालच्या बाजूस बिजागरीवर फिरे. ते उघडून आडवे केले आणि खाली एक पाय टेकविला की त्याचाच ओटा तयार होई, आणि समोरच्या खणांत पीठ, कॉफी, सुकी फळे, आंबवलेल्या कणकेचे भांडे, औषधे व सुईदोरा ही सर्व चीजवस्तू हाताशी येई. कडेला पाण्याचे पिंप, तळाशी ताणलेल्या कातड्याच्या झोळीत वाटेने वेचलेले सरपण. रात्री निजण्यापूर्वी आचारी गाडीची दांडी ध्रुवताऱ्याच्या रोखाने वळवून ठेवी, म्हणजे पहाटे, आभाळ भरून आले तरी, दिशा चुकू नये, असे त्या काळचे जाणकार सांगत आले आहेत. या गाडीस ‘चक वॅगन’ हे नाव पडले. तिच्या पाठीमागचा तो ओटा वाचकाने ध्यानात ठेवावा; सत्तर वर्षांनंतर तो पुन्हा भेटणार आहे.

चक वॅगनने खाण्याची सोय केली. निजण्याची केली नाही. गुराखी उघड्यावर निजत, आणि टेक्ससच्या हवेत ते निभावूनही जाई. वायोमिंगमध्ये तसे निभावणे शक्य नव्हते. तेथील मेंढपाळ हजारपाचशे मेंढ्या घेऊन महिनोन्महिने उजाड पठारावर राही, बर्फाची वादळे अंगावर घेई, आणि रसद घेऊन येणाऱ्या माणसावाचून त्यास मनुष्याचे तोंड क्वचितच दिसे. तंबू त्या वाऱ्यात टिकत नव्हता. रॉलिन्स गावच्या जेम्स कॅन्डलिश या लोहाराने १८८४ साली एका साध्या मालगाडीवर कमानी उभारून, त्यांवर जाड कॅनव्हास ताणून, मेंढपाळाची पहिली फिरती खोली केली असे मानतात. दुसरेही हक्कदार आहेत, आणि असल्या बाबतीत एकाच माणसास सनद देणे फारसे शहाणपणाचे नसते. पुढे कॅस्पर गावच्या शुल्टे यांच्या लोखंडी सामानाच्या दुकानाने या गाड्या सुधारून विकल्या, आणि तिचा जो आराखडा एकदा ठरला तो पुढील कित्येक दशके जवळजवळ बदललाच नाही.

तो आराखडा बुद्धीच्या काटकसरीचा एक उत्कृष्ट नमुना होय. मालगाडीची पेटी दोन्ही चाकांच्या मध्ये बसवावयाची म्हणून अरुंद, जेमतेम साडेतीन फुटांची. तेव्हा बाजूच्या फळ्या चाकांच्या वरून बाहेर काढून त्यांची दोन लांब बाकडी केली, आणि बाकड्यांखाली सामानाची जागा साधली. शिरताच उजव्या हातास लोखंडी चूल. मागच्या टोकास आडवा पलंग, त्याच्या वर एक लहान खिडकी, आणि पलंगाखालून ओढून काढावयाचे मेज, जे जेवण होताच पुन्हा आत जाई. दार पुढच्या बाजूस व दोन अर्धांत विभागलेले: खालचा अर्धा लावून, वरचा उघडा ठेवून, मेंढपाळ उबेत उभ्या उभ्या घोड्यांचे लगाम धरू शके, आणि धुराचा कोंडमारा झाला तर मागची खिडकी व पुढचा अर्धा दरवाजा मिळून हवा खेळती राही. मेजावाचून गाडीत हलवावयाची एकही वस्तू नव्हती, आणि तरीही एका माणसास जे जे लागते ते सर्व एका जागी उभे राहून हातास लागत होते. आजचा हौशी कारागीर सहा बाय दहाच्या ट्रेलरमध्ये काय कोठे बसवावे याचे नकाशे रात्र रात्र जागून काढतो आणि शेवटी ज्या मांडणीवर येऊन ठेपतो ती बहुधा हीच असते: मागे आडवा पलंग, दाराशी शेगडी, बाकाखाली सामान.

मोटार आली आणि पहिली काही वर्षे हा वारसा विसरला गेला. हेन्री फोर्ड यांची ‘मॉडेल टी’ १९०८ साली बाजारात आली, १९२७ पर्यंत दीड कोटींवर गाड्या विकल्या गेल्या, आणि तिची किंमत अखेरीस ३०० डॉलरांच्याही खाली उतरल्यामुळे शेतकरी, शाळामास्तर, कारकून अशी माणसे प्रथमच आपल्या मर्जीने, आगगाडीच्या वेळापत्रकाबाहेर, मुलूख पाहावयास निघाली. हॉटेल त्यांना परवडत नव्हते. मोटारीच्या कडेला राहुटी बांधून ती निजत आणि डब्यातले अन्न गरम करून खात. फ्लॉरिडातील टॅम्पा शहराच्या डी सोटो उद्यानात १९१९ साली अशा प्रवाशांनी ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ नावाची संघटना काढली, आणि रेडिएटरच्या टोपणास डाग देऊन बसविलेला एक रिकामा डबा ही तिच्या सभासदांची खूण ठरली. गावोगावच्या नगरपालिकांनी आरंभी या पाहुण्यांसाठी फुकट मुक्कामाच्या जागा राखल्या, कारण पाहुणा बाजारात चार पैसे खर्च करी. परंतु पाहुण्यांत निर्धन, निरुद्योगी मंडळी वाढू लागली तेव्हा त्याच नगरपालिकांनी १९२५ च्या आसपास जागेला भाडे बसविले. प्रवासी आणि भटक्या यांच्यामधील रेघ अमेरिकेत पैशाने आखली जाते, ही गोष्ट तेव्हापासून आजतागायत बदललेली नाही.

राहुटीचा खरा शत्रू पाऊस. डेट्रॉइटचे जंतुशास्त्रज्ञ आर्थर शेर्मन यांनी एक घडीचा तंबू-ट्रेलर विकत घेतला होता, आणि तो काही मिनिटांत उभा राहतो असे जाहिरातीत म्हटले होते. सहकुटुंब पहिल्याच सफरीत पावसाने गाठले, तंबू काही केल्या उभा राहीना, आणि सारे कुटुंब चिंब भिजले. शेर्मन यांनी परत येऊन सहा फूट रुंद आणि नऊ फूट लांब अशी मॅसोनाइटच्या पाट्यांची एक सरळसोट पेटीच करवून घेतली. आत दोन बाजूंस बाके, मध्ये वाट, एक शेगडी. तिला आकार असा काही नव्हताच, आणि मुलांनी थट्टेने तिचे नाव जुन्या वसाहतवाल्यांच्या छपरी गाडीवरून ‘कव्हर्ड वॅगन’ ठेवले. वाटेत थांबतील तेथे लोक भोवती गोळा होऊन चौकशी करू लागले, तेव्हा शेर्मन यांनी जानेवारी १९३० मध्ये डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात एक ट्रेलर मांडला. मंदीच्या त्या पहिल्या वर्षात ४०० डॉलरांस एक या दराने त्यांचे शंभराहून अधिक ट्रेलर खपले, आणि १९३६ पर्यंत त्यांचा कारखाना या धंद्यातील सर्वांत मोठा गणला जाऊ लागला. चाकांवरची एक कोरडी पेटी, यापलीकडे शेर्मन यांनी काही शोधून काढले नव्हते. लोकांना हवे होते तेही एवढेच.

लॉस एंजेलिसचे वॉली बायम यांची कथा अधिक प्रसिद्ध आहे आणि म्हणून ती मी थोडक्यात सांगतो. ते मासिके काढणारे गृहस्थ. घरी ट्रेलर कसा बांधावा याचा एक आराखडा त्यांनी छापला, तो चुकीचा असल्याच्या तक्रारी वाचकांकडून आल्या, म्हणून त्यांनी स्वतः बांधून पाहिला, आणि दोन चाकांच्या मध्ये तळ खाली घेतला तर माणसास आत ताठ उभे राहता येते हे त्यांच्या ध्यानी आले. त्यांचाही पहिला प्रयोग ‘मॉडेल टी’च्या सांगाड्यावर तंबू ठोकण्याचा होता. पुढे ‘एअरस्ट्रीम’ हे नाव, १९३६ चा चकचकीत ॲल्युमिनियमचा ‘क्लिपर’, आणि युद्धोत्तर काळातील ते प्रचंड तांडे: बायम यांच्या मृत्यूनंतर, १९६३-६४ साली, असा एक तांडा सिंगापूरहून निघून आपल्या भारतातूनही गेला आणि लिस्बनला पोहोचला. त्या रुपेरी गाड्या सुंदर आहेत यात वाद नाही. परंतु त्यांच्याबरोबर ही वाट पुन्हा डॉ. स्टेबल्स यांच्या अंगणात शिरली.

घरी बांधणाऱ्याची वाट निराळीच राहिली, आणि ती ठरविली प्लायवुडने. प्लायवुड पूर्वीही होते, परंतु ओलसर हवेत त्याचे पदर सुटत. १९३४ साली पाण्यास दाद न देणारा डिंक सिद्ध झाला आणि तेव्हापासून प्लायवुड उघड्या हवेत वापरण्याजोगे झाले. आपल्याकडील सुतारही ज्यास ‘आठ बाय चारचा प्लाय’ म्हणतो तोच तक्ता अमेरिकेत सर्वत्र एका मापाने मिळू लागला. १९३० नंतरच्या दशकात हौशी कारागिरांच्या मासिकांतून ज्या छोट्या ट्रेलरचे नकाशे वारंवार छापले गेले, त्या पुढे फुगीर आणि मागे निमुळत्या अशा ‘टीअरड्रॉप’ ट्रेलरची मापे कोणा शिल्पज्ञाने ठरविलेली नव्हती: लांबी आठ फूट, रुंदी चार फूट, उंची चार फूट. एका तक्त्यातून एक बाजू, दुसऱ्यातून दुसरी, तिसऱ्याचा तळ. करवतीखाली वाया जाईल ते केवळ कोपरे. आत दोन माणसांस पाठीस पाठ लावून निजता येई, बसताना डोके छतास लागे, उभे राहण्याचा प्रश्नच नव्हता. आणि मागचे निमुळते झाकण वर उचलले की त्याच्या आडोशाला ओटा, खण, बर्फाची पेटी व शेगडी दिसू लागे. गुडनाइटच्या आचाऱ्याचे स्वयंपाकघर ते हेच. स्वयंपाक बाहेर उभा राहून करावयाचा, निजावयाचे मात्र आत, ही वाटणी जागेच्या टंचाईतून आली खरी. परंतु बंद पेटीत विस्तव न पेटविण्याचा तिचा गुण आगीच्या आणि कोंडलेल्या वायूच्या दृष्टीने इतका मोठा आहे की आजचे जाणते कारागीरही तीच पाळतात.

याच दशकात रॉजर बॅबसन नावाच्या अर्थतज्ज्ञाने वीस वर्षांत निम्मी अमेरिका ट्रेलरमध्ये राहू लागेल असे भाकीत केले. ते खरे ठरले नाही. परंतु ज्यांच्यापाशी दुसरे घर उरले नव्हते अशी माणसे मात्र तेव्हा खरोखरच चाकांवर होती. ओक्लाहोमा आणि भोवतालच्या प्रांतांतून धुळीच्या वादळांनी व कर्जाच्या जप्तीने उठविलेली कुटुंबे मालट्रकांतून आणि घरी जोडलेल्या ट्रेलरांतून कॅलिफोर्नियाच्या दिशेने चालली होती, आणि फेब्रुवारी १९३६ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी प्रांताच्या सरहद्दीवर नाकेबंदी करून त्यांना परत फिरविण्याचा उद्योग आरंभला होता. स्टाइनबेक यांच्या १९३९ च्या कादंबरीतील जोड कुटुंब एक जुनी हडसन मोटार मधोमध कापून तिचा मालट्रक करते आणि त्यावर आपला संसार लादते, हे पुष्कळ वाचकांस आठवेल. तेच स्टाइनबेक १९६० साली स्वतः देश पाहावयास निघाले ते एका मालवाहू पिकअपच्या पाठीवर लहानशी खोली बसवून, आणि तिला त्यांनी डॉन किहोतेच्या घोड्याचे नाव दिले. दोन्ही गाड्या मालाच्या, दोहोंत माणसे राहिली. एकास मागे जावयास घर होते आणि दुसऱ्यास नव्हते.

युद्धाने माल आणि कारागीर दोन्ही मुबलक केले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ॲल्युमिनियमवर निर्बंध आल्याने हौशी ट्रेलरांचे कारखाने बंद पडले किंवा कामगारांच्या वसाहतींसाठी सरकारी ट्रेलर बनवू लागले; युद्ध संपताच लष्कराचा निकामी सरंजाम पडेल भावाने विक्रीस निघाला. विमानांचा भंगार पत्रा आणि जीपची चाके वापरून बांधलेले टीअरड्रॉप त्या वर्षांत जागोजाग दिसू लागले, आणि सप्टेंबर १९४७ च्या ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ मासिकात आलेला त्याचा आराखडा तर घरोघरी पोहोचला. सैन्यातून परतलेल्या तरुणास करवत, रिव्हेट आणि झाळकाम यांची भीती नव्हती. पैसा नव्हता, सुट्टी होती.

ही हौस दहाएक वर्षे टिकली. मोटारींची एंजिने बलवान झाली, १९५६ च्या कायद्याने ४१,००० मैलांच्या द्रुतगती मार्गांची योजना हाती घेतली, आणि मोठे ट्रेलर ओढणे सोपे झाल्यावर चार फुटी पेटीत रांगत शिरण्याचे कारण लोकांना उरले नाही. कारखानी ट्रेलरांत न्हाणीघरे, शीतकपाटे, पुढे दूरचित्रवाणीसुद्धा बसू लागली. या धंद्याची राजधानी म्हणजे इंडियाना राज्यातील एल्कहार्ट. आणि येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्या स्टुडबेकर बंधूंच्या मालगाड्या लष्कराने घेतल्या, वसाहतवाल्यांनी घेतल्या, आणि गुडनाइटची ती पहिली गाडीही ज्यांच्या कारखान्यातली होती असे सांगतात, त्यांचा कारखाना १८५२ पासून एल्कहार्टच्या शेजारच्याच साउथ बेंड गावी होता. आणि त्याच एल्कहार्टच्या परिसरात, ‘वेल्स कार्गो’ने १९५४ पासून व पुढे इतर अनेकांनी, बंद पेटीचे मालवाहू ट्रेलर बांधण्याचा धंदा उभारला. हौसेची गाडी आणि मालाची गाडी एकाच मुलखात बनत राहिल्या. गिऱ्हाईके मात्र कित्येक वर्षे निराळी होती.

ती एक कशी झाली याचे उत्तर पेटीच्या बांधणीतच आहे. साधा मालवाहू ट्रेलर म्हणजे पोलादी चौकट, ठरावीक अंतरावर पोलादी फासळ्या, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून प्लायवुड, खाली पाऊण इंची जाड तक्त्याचा तळ. यात मोडण्याजोगे व शोभेचे काही नसल्यामुळे तो खडबडीत रस्त्यावर वर्षानुवर्षे टिकतो, तर कारखान्यातल्या नाजूक कॅम्परची हलकी लाकडी चौकट पाणी झिरपून आतल्या आत कुजते. त्यातून एक आसाच्या लहान ट्रेलरची भारमर्यादा पुष्कळदा २,९९० पौंड, म्हणजे सुमारे १,३५० किलो, ठेवलेली असते, कारण बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांपासून ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक लावण्याची सक्ती सुरू होते. कायद्याच्या या उंबरठ्याच्या अलीकडे राहिलेली पेटी स्वतंत्र ब्रेकांवाचून ओढता येते.

कारागिराचे काम येथून सुरू होते. सहा फुटी म्हणून विकल्या जाणाऱ्या पेटीची आतली रुंदी दोनतीन इंच कमीच भरते, म्हणून उंच माणसाने पलंग आडवा घालण्यापूर्वी आत जाऊन निजून पाहणे बरे. छतास चौदा इंची चौरस भोक पाडून पंख्याचा झरोका बसवावयाचा, कारण बंद धातूच्या पेटीत दोन माणसांचा एका रात्रीचा श्वास पाणी होऊन भिंतींवरून ओघळतो; आणि फासळ्यांच्या मधल्या पोकळ्यांत फोमच्या पाट्या भरल्या तरी पोलादी फासळ्या स्वतः बाहेरची थंडी आत आणीतच राहतात, तेव्हा शक्य तर त्यांवरूनही एक पातळ थर न्यावा. वजनाचा हिशेब सर्वांत महत्त्वाचा. एकूण भारापैकी शेकडा १० ते १५ भाग ओढगाडीच्या आकड्यावर पडला पाहिजे; पाण्याची टाकी, बॅटऱ्या आणि स्वयंपाकाचा सरंजाम सगळाच मागे लोटला तर भर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डुलू लागतो, आणि असा डुललेला ट्रेलर मोटारीसह उलटूही शकतो. चक वॅगनला ही चिंता नव्हती. तिला चार चाके होती आणि तिचा वेग बैलाघोड्यांचा होता.

२००८ च्या मंदीने एल्कहार्टचे कॅम्पर-कारखाने ओस पाडले. अध्यक्ष ओबामा फेब्रुवारी २००९ मध्ये तेथे मुद्दाम गेले ते तेथील बेकारी देशात गाजत होती म्हणून. त्याच मंदीने घरे गमावलेली, उतारवयास आलेली पुष्कळ माणसे व्हॅनमध्ये, जुन्या कॅम्परमध्ये आणि मालाच्या ट्रेलरमध्ये राहावयास गेली. जेसिका ब्रुडर यांनी ‘नोमॅडलँड’ या २०१७ च्या पुस्तकात त्यांचे जीवन नोंदविले, आणि त्यावरील चित्रपटास पुढे ऑस्करही मिळाले. ही माणसे हंगामी कामांच्या मागे फिरतात, आणि त्यांपैकी एक काम उत्तरेकडील रेड नदीच्या खोऱ्यात ऑक्टोबरात साखर-बीट काढणीचे असते. मराठी माणसास हे वाचताना बीड जिल्ह्यातील ऊसतोडीची कुटुंबे आठवल्यावाचून कशी राहतील? मुकादमाची उचल घेऊन, जवळपास त्याच दिवसांत, तीही साखरेच्याच कारखान्याकडे निघतात. मात्र तेथे उलटा क्रम आहे: ज्या बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पोरेबाळे, भांडीकुंडी आणि कोंबड्या बसवून संसार येतो, त्याच गाडीतून पुढे उसाच्या मोळ्या वाहिल्या जातात, आणि माणसे कोपीत राहतात. अमेरिकेत मालाच्या पेटीत माणूस शिरला; आपल्याकडे माणूस उतरतो आणि माल चढतो.

हौशी कारागीर आणि बेघर झालेला म्हातारा या दोघांना एकाच पंक्तीस बसविणे अन्यायाचे होईल, हे मी जाणतो. तथापि पेटी दोघांची एकच असते, मांडणीही बरीचशी एकच, आणि दोघेही मागची दुपाखी दारे सहसा तशीच राखतात, म्हणजे वेळ पडल्यास पलंग उचलून पुन्हा माल भरता यावा. काही राज्यांत तपासणी करवून अशा गाडीची नोंदणी बदलून घेता येते; परंतु पुष्कळ जण तो अर्जच करीत नाहीत, आणि वाहनखात्याच्या दप्तरात त्यांचे घर मालवाहू ट्रेलर म्हणूनच नोंदलेले राहते.